ईजीआर व्हॉल्व अन् सहावं ताट

गाडीच्या बाबतीत मले कोणी शिकवाचं नाई. एकोणीस वर्षं झाले, ब्रह्मपुरी ते वडसा जीप चालवून राह्यलो. कोणता खड्डा कोण्या सालचा आहे हे मी डोळे मिटून सांगतो. चालवताना उघडेच ठेवतो, तेवढं समजून घ्या. इंजिन नुसतं शिंकलं तरी मले समजते का खराबी डिझेलमध्ये आहे का ड्रायव्हरमध्ये. म्हणून मी, गुणवंतराव, आज जे सांगून राह्यलो ते ध्यान देऊन ऐका, अन् ज्याच्या घरी डिझेल गाडी आहे त्यानं तर खाली बसून ऐका.

या जगातली सगळ्यात नालायक वस्तू म्हणजे ईजीआर व्हॉल्व!

ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो. इंजिन डिझेल जाळते अन् धूर सोडते. तो धूर सायलेन्सरमधून बाहेर गेला पायजे, आजोबाच्या काळापासून तो बाहेरच जाते. पण कंपनीतल्या कोण्या शहाण्याले वाटलं का थोडा धूर परत इंजिनात सोडून पाहू. त्यानं एक झडप बसवली. झडप उघडते, अन् इंजिननं आत्ताच टाकलेला धूर त्यालेच पुन्हा चारते. मी म्हणतो, तुमचंच उष्टं उचलून कोणी तुमच्या ताटात पुन्हा वाढलं, तर तुम्ही जेवान का? ताट फेकून उठान. मंग गाडीनं काऊन खाचं? ते बिचारी बोलत नाई म्हणून का?

माझी जीप बोलली, पण तिच्या पद्धतीनं. दिवाळीनंतर वैनगंगेच्या पुलावर तिचा दम जायला लागला. मागून काळा धूर, समोरून पॅसेंजरची कुरकुर. एक दिवस तर भाताचं पोतं लादलेल्या सायकलवाल्यानं मले मागं टाकलं अन् वरून मागं पाहून हसला. माझं डोकं असं तापलं का रेडिएटर त्याच्यापुढं थंड.

तसंही त्या वक्ताले गाडी बिघडणं मले परवडत नव्हतं. वन विभागाच्या ऑफिसले वर्षभरासाठी एक डिझेल जीप भाड्यानं पायजे होती. तीन आठवड्यांनी सोमवारी गाड्या पाहणार अन् त्याच दिवशी ठरवणार. शेवटी दोघंच उरलो होतो, मी अन् आमच्याच स्टँडवरचा दुसरा जीपवाला अंकुश. हे काम मिळालं का स्टँडवर उभं राहून "वडसा, वडसा, वडसा" ओरडणं बंद. पैशाचं सोडा, माझा घसा गेला होता. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, आता ओरडणं बंद करा नाई तर आवाज जाईन. माझी बायको रुखमा हिनं तर त्या दिवशी देवाजवळ नारळच बोलून ठेवलं. एकोणीस वर्षांपासून मी घरीसुद्धा स्टँडवर असल्यासारखाच बोलतो, त्याचा तिले जास्त त्रास होता असं मले वाटते.

म्हणून मी जंगूकडं गेलो. जंगू म्हणजे नागभीड रस्त्यावरचा मिस्त्री. हा माणूस दिवसाले दहा शब्द बोलते, त्यातले चार "पाना दे". त्यानं बोनेट उघडलं, झडप काढली अन् माझ्यासमोर धरली. आत काजळीचा असा थर का डांबर ओतल्यासारखा. मी म्हणलं, "पाह्य, हे काम करते तुझी झडप. पत्रा टाकून बंद करून टाक."

जंगूनं मान हलवली. मंग त्यानं वर्षभराचं बोलणं एकाच वेळी बोलून टाकलं.

"भाऊ, धूर परत गेला का आतली आग जरा थंड राह्यते. आग लय तापली का वेगळा गॅस निघते. तो दिसत नाई, पण छातीत बसते. तुमच्या मागं पोट्टेपोट्टी सायकलनं शाळेत जातात न, त्याईच्या छातीत. काजळी जमते हे खरं आहे, पण तुम्ही स्टँडवर पाऊण पाऊण तास इंजिन चालू ठेवून सीट भरता, म्हणून जास्त जमते. तीन तास बसा, साफ करून देतो. सहा महिन्यानं पुन्हा या. बंद मी करत नाई."

तीन तास! अन् दर सहा महिन्यानं! अन् तिथंच बाजूले अंकुश खाली बसून, हातात जुना दात घासाचा ब्रश घेऊन, आपल्या गाडीची झडप घासून राह्यला होता. आई लेकराचे कान साफ करते तसा. मी त्याले विचारलं, झालं का बारसं, नाव काय ठेवलं? तो हसला अन् घासत राह्यला. मी झडप उचलली, तशीच परत बसवून घेतली अन् निघालो. ज्या मिस्त्रीले गाडीपेक्षा रस्त्यावरच्या पोट्ट्यांची काळजी जास्त, त्यानं मास्तर व्हावं.

घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला. एक दाढीवाला माणूस सात मिनिटांत झडपेपुढं पत्रा टाकते, दोन बोल्ट कसते, अन् गाडी पळते. खाली चार हजार लोकाईनं धन्यवाद लिहिलेले. मी पण लिहिले.

पहिले तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून टाकला. तो दोन दिवसांत जळाला अन् गाडी कुकरसारखी शिट्ट्या मारायला लागली. वडशाच्या स्टँडवर तर एका बाईनं मले विचारलं, भात झाला का. आता जाड पत्रा पायजे होता, चांगल्या स्टीलचा. रुखमा त्या दिवशी अहेरीले बहिणीकडं गेली होती. मी सैपाकघरात नजर फिरवली. फळीवर, एकदम वरती, फडक्यात बांधलेली जुनी ताटं होती. आजकाल असं जाड स्टील पाह्यलेसुद्धा मिळत नाई. घरच्या जेवणाले कधी खाली न येणारी ताटं, त्यातलं एक गेलं तर कोणाले कळते? मी सगळ्यात खालचं ओढलं, त्याच्यावर झडपेच्या जोडातलं जुनं गॅसकेट मापाले ठेवलं, पेन्सिल फिरवली अन् वेल्डिंगवाल्याकडून कापून आणलं. ताटाच्या बरोबर मधातून. उरलेलं ताट जीपच्या मागच्या सीटखाली, स्टेपनीजवळ दडपून दिलं.

अन् काय सांगू, गाडी उडाली! पुलावर ज्या सायकलवाल्यानं मले मागं टाकलं होतं त्याच्या कानाजवळून मी असा गेलो का त्याची टोपी हलली. काळा धूर गायब. आठ दिवस मी स्टँडवर दुसरी गोष्टच बोललो नाई. जंगूले काही येत नाई, कंपनीले काही येत नाई, अंकुश तर दाई आहे, हे मी वडशाच्या प्रत्येक पॅसेंजरले घरपोच सांगतलं. आता घसा दुखला तरी आनंदानं दुखला.

नवव्या दिवशी डॅशबोर्डवर एक पिवळा लाईट लागला. इंजिनाच्या चित्राचा. गाडी बंद करून चालू केली तरी लागला. मी त्याले शिव्या दिल्या तरी लागला. शेवटी घरात आरशावर रुखमाच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, त्यातली एक मोठी मरून टिकली काढली अन् लाईटवर लावून दिली. लाईट बंद. दोन रुपयांत जे काम होते त्याच्यासाठी लोक मिस्त्रीकडं काऊन जातात, मले समजत नाई.

इंजिन जरा टकटक करायला लागलं होतं हे खरं आहे. पण तिकडं लक्ष द्याले मले वेळच नव्हता, कारण घरात वेगळंच इंजिन तापलं.

रविवारी मामाजी येणार होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, श्रीहरी दोनाडकर. आरमोरीचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षांत एक अपघात नाई, अन् हे ते आल्यापासून जाईपर्यंत तीन वेळा सांगतात. मामाजी आले म्हणून रुखमानं फळीवरचं फडकं सोडलं. ताटं मोजली. पाच.

तेव्हा मले समजलं का ते साधी ताटं नव्हती. लग्नात मामाजींनी दिलेली सहा ताटं होती. प्रत्येकाच्या मागच्या बाजूनं मशीनच्या ठिपक्याठिपक्यानं नाव टाकलेलं. मी ताट उलटं करून पाह्यलंच नव्हतं. पेन्सिल फिरवाच्या घाईत कोण उलटं करते?

तेव्हाच बोलून टाकलं असतं तर झालं असतं. पण मामाजी समोर बसले होते, अन् सोमवार दुसऱ्या दिवशी होता. मी पंख्याकडं पाहत बसलो.

आमच्याकडं भांड्यावर नाव काऊन टाकतात, तर बारसं, साखरपुडा, जेवणावळ, काही असलं का सगळ्या मोहल्ल्याची भांडी एका घरी जातात अन् नाव पाहून परत येतात. रुखमाले लगेच आठवलं का दोन महिन्याआधी बाजूच्या आशाबाईनं नातवाच्या बारशाले ताटं नेली होती. आशाबाई म्हणजे वन ऑफिसच्या गेटजवळ जिची चहाची टपरी आहे ते. पंधरा वर्षांची शेजारीण. ह्या दोघी एकमेकींच्या घरची साखर विचारल्याशिवाय घेतात. रुखमा गेली अन् गोडच विचारलं. आशाबाई म्हणाली सहाही परत केली. रुखमा म्हणाली पाच आहेत. आशाबाई म्हणाली मोज. रुखमा म्हणाली मोजूनच आली. इथपर्यंत ठीक होतं. मंग रुखमा म्हणाली का स्टील जुनं, जाड होतं, कोणालेही आवडन.

आशाबाईनं घरातली सगळी भांडी अंगणात आणून ओतली. पाह्य म्हणे, घे तुझ्या बापाचं नाव शोधून. अन् इथंच घात झाला. मामाजींचं नाव त्यात नव्हतंच, पण दुसऱ्या सहा घरची नावं निघाली! कोणाची परात, कोणाचा भाताचा गंज, कोणाच्या तीन वाट्या. ज्याईची निघाली ते आले, ज्याईची नाई निघाली ते आपल्या घरी जाऊन दुसऱ्याची शोधायला लागले. दुपारपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याची भांडी अंगणात होती अन् बाया एकमेकींची नावं मोठ्यानं वाचत होत्या. दोन जावा ज्या आठ वर्षं एका विहिरीवर पाणी भरत होत्या, त्या एका झाऱ्यावरून बोलणं बंद करून बसल्या.

अन् मी? मले वाटते माणूस घाबरला का जास्त मोठ्यानं बोलते. मी ओट्यावर उभा राहून भाषण दिलं. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं ही काय रीत आहे का, आजकाल माणसातली नियतच गेली, असं सगळं. घसा दुखत होता तरी दिलं. आशाबाई मधात उभी होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं, पदरानं तोंड पुसलं अन् आपली भांडी उचलायला लागली. ते पाहून मले वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. पण सोमवार जवळ होता, म्हणून मी वाईट वाटणं मंगळवारपर्यंत पुढं ढकललं.

सोमवारी सकाळी जीप धुतली, हार घातला. रुखमा नारळ घेऊन सोबत निघाली, काम मिळालं का चाकापुढं फोडाले. मामाजीले आरमोरीची बस धराची होती, ते पण बसले. बसल्या बसल्या त्यांनी कान लावला.

"जवाईबापू, आवाज बदलला गाडीचा."

मी म्हणलं, नवीन डिझेल आहे. त्यांचा कान तिथंच राह्यला. अन् अर्ध्या रस्त्यात गाडीनं दगा दिला. ॲक्सिलेटर पूर्ण दाबलं तरी वीसच्या वर जाईना. हारासकट वरातीची गाडी निघाल्यासारखी. बाजूनं तोच सायकलवाला गेला. या वेळी तो हसला नाई, त्यानं हात जोडले. मी गाडी थांबवली, बंद केली, स्टेअरिंगले शिव्या दिल्या, पुन्हा चालू केली. चालली. मामाजी म्हणाले, एसटीत असं झालं असतं तर गाडी डेपोत उभी केली असती. मी म्हणलं, ही एसटी नाई.

ऑफिसच्या आवारात अंकुशची गाडी आधीच उभी. संघप्रिया मॅडम म्हणून नवीन साहेब होत्या, कमी बोलणाऱ्या, हातात कागद. पहिले धुराची तपासणी. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा आला. अंकुशच्या गाडीपेक्षा माझ्या गाडीचा धूर कमी! मी अंकुशकडं पाह्यलं. घास म्हणलं, आणखी घास ब्रशनं. गेटजवळ आशाबाई चहा गाळत होती, तिनंही पाह्यलं. रुखमानं नारळाची शेंडी उपटायला घेतली. त्या एका मिनिटापुरता मी वन विभागाचा ड्रायव्हर होतो.

मॅडम गाडीत वाकल्या. "हे काय आहे?"

"टिकली जी," मी म्हणलं. "शुभ असते."

"तुमच्या गाडीच्या कपाळाची जागा तिथं आहे?"

अन् त्यांनी नखानं टिकली काढली. पिवळा लाईट असा चमकला का जसं टिकलीखाली इतके दिवस याचीच वाट पाहून राह्यला होता. मॅडमनी मागं वळून हाक मारली. ऑफिसच्या गाड्या पाह्यले जो मिस्त्री येते तो शेडमधून हात पुसत आला. जंगू. आता या दोन जिल्ह्यांत काय दुसरा मिस्त्रीच नाई?

जंगूनं मोबाईलएवढं यंत्र गाडीले लावलं, पाह्यलं, अन् मॅडमले म्हणाला का झडप उघडून राह्यली, पण धूर आत येत नाई. मंग त्यानं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाई. दोन बोल्ट खोलले, चिमट्यानं पत्रा काढला, फडक्यानं पुसला. पुसता पुसता थांबला. डोळ्याजवळ नेला. हा माणूस दिवसाले दहा शब्द बोलते म्हणलं न, त्यानं त्यातले दोन तिथं सगळ्यांपुढं वाचले.

"श्रीहरी... दोना..."

पुढचं कटलं होतं. मामाजी जीपमधून हळूहळू उतरले, चष्मा लावला, पत्रा हातात घेतला अन् शांतपणे पुरं केलं.

"डकर."

रुखमानं पत्रा पाह्यला, मंग मले पाह्यलं. सरळ जीपच्या मागं गेली, सीट उचलली, अन् स्टेपनीजवळून ताट काढलं. मधात खिडकी, खिडकीच्या दोन बाजूले बोल्टचे दोन कान, अन् एका कडेले "डकर, आरमोरी". बाईले इतकं बरोबर कसं समजते, मले अजून कळलं नाई.

"तीस वर्षं गाडी चालवली मी," मामाजी म्हणाले, "कोणाचा रस्ता अडवला नाई. तुम्ही माझ्या नावानं धूर अडवला, जवाईबापू."

मी मॅडमले सांगाले गेलो का पत्रा आत्ता काढतो, पाच मिनिटांचं काम आहे, झडप घासून आणतो, ब्रशनं घासतो. त्यांनी कागदावर रेघ ओढली. म्हणाल्या, नुसत्या पत्र्याचीच गोष्ट असती तर तो काढाले मी आठ दिवस दिले असते. पण जंगलात न्यायच्या गाडीच्या लाईटवर जो माणूस टिकली लावते, त्याच्या गाडीत मी माझे गार्ड बसवणार नाई. आवाज चढवला नाई त्यांनी, माझ्याजवळही चढवाले आवाज उरला नव्हता. काम अंकुशले गेलं. नारळ रुखमानं आणलंच होतं, तिनं ते अंकुशच्या चाकापुढं ठेवलं.

मंग ती टपरीवर गेली अन् आशाबाईचे दोन्ही हात धरले. काय बोलली मले ऐकू आलं नाई. दोघीही रडल्या एवढं दिसलं. आशाबाईनं सगळ्यांले चहा दिला. मॅडमले, मामाजीले, जंगूले, अंकुशले. किटली माझ्यापर्यंत आली अन् परत गेली. मी स्वतः गेलो, चुकलो म्हणलं, भर आवारात म्हणलं. ती म्हणाली, ओट्यावर उभं राहून मोठ्यानं बोलले होते न भाऊ, तिथंच बोला. संध्याकाळी मी तिथंच बोललो. अख्खा मोहल्ला ऐकाले आला होता, झाऱ्यावाल्या दोन जावा समोरच्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या.

जंगूनं तीन तास मले बसवून झडप माझ्याचकडून घासून घेतली. आता इंजिन टकटक करत नाई, पुलावर दमही जात नाई. स्टँडवर सीट भरेपर्यंत मी इंजिन बंद ठेवतो, अन् फुटक्या आवाजात वडसा, वडसा ओरडतो. शब्द असा फाटते का पॅसेंजरले वाटते मी नाशिकले जाऊन राह्यलो का काय.

अन् घरी? सहा ताटं पुन्हा पुरी झाली आहेत. पाच फडक्यात, सहावं रोज वापरात. माझ्यासाठी. रुखमा खाली परात ठेवते, वर ते ताट ठेवते, खिडकीच्या बाजूबाजूनं भात वाढते, अन् त्याच्यावर वरण घालते. एकोणीस वर्षं तिनं वरण घट्ट केलं, आता रोज पातळ करते. ते खिडकीतून सरळ खाली परातीत जाते. मी पहिले दोन दिवस रागानं उपाशी उठलो. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

आता मी परातीतलं वरण वाटीनं उचलतो अन् पुन्हा भातावर घालतो. ते पुन्हा खाली जाते, मी पुन्हा वर घालतो. दोन महिने झाले. तब्येत उत्तम आहे.